खांबामागच्या तीन खुर्च्या

१

"सगळ्यात चांगली जागा द्या," असं खिडकीशी येऊन जो तो म्हणतो. सत्तावीस वर्षं मी वाद्यवृंदाच्या हॉलच्या तिकीट खिडकीवर बसतोय, आणि माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे: "कशासाठी चांगली?" माणूस गडबडतो. मग मी समजावून विचारतो, ऐकायला आलात की दिसायला? सोबत कोण आहे? त्यांना डुलकी लागते का? डुलकी लागणाऱ्या नवऱ्याला मी भिंतीकडेची खुर्ची देतो, म्हणजे मान कललीच तर भिंतीवर कलते, परक्या बाईच्या खांद्यावर नाही. खोकला असेल तर दाराजवळची. पियानोवरची बोटं बघायची असतील तर डावीकडची. आणि नुसतं ऐकायचंच असेल, तर नवव्या ते चौदाव्या रांगेत, अगदी मधोमध नाही, दोन खुर्च्या बाजूला. पहिल्या चार रांगांत व्हायोलिनपुढे इतर कुणाची डाळ शिजत नाही, आणि बाल्कनीखाली आवाज रजईतून आल्यासारखा येतो.

हे शहाणपण माझं नाही, माझ्या धाकट्या बहिणीचं. ती याच वाद्यवृंदात चेलो वाजवायची. मी नोकरीला लागलो तेव्हा मला सूर आणि सुतळी यांतला फरक कळत नव्हता. ती मोठी होऊन वाद्यवृंदात आली आणि पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "दादा, तू नकाशा विकतोस, खुर्ची नाही. चल, बसून बघ." दुपारच्या सरावाला तिने मला एकेका रांगेत बसवलं. वाजवता वाजवता भुवया उंचावून स्टेजवरूनच विचारायची, कसं येतंय? मी बोटांनी खुणा करायचो. संचालक दोघांवर डाफरायचे.

ही गोष्ट घडली तेव्हा तिला जाऊन एकोणीस महिने झाले होते. एक्केचाळिसाव्या वर्षी गेली. चेलोवाले पाच होते, ते चार उरले. तिच्या जागेसाठी दोनदा चाचण्या झाल्या, कुणी पसंत पडलं नाही.

२

मधे हॉल चार महिने बंद होता. जमीन उखडून नवं लाकूड घातलं, भिंतींना नवा गिलावा केला आणि अकराशे चाळीसच्या अकराशे चाळीस खुर्च्या बदलल्या. नव्या खुर्च्यांना स्प्रिंग होती. माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटायची, टप् असा मऊ आवाज करून.

व्यवस्थापकांनी मला बोलावून घेतलं. "जुना नकाशा आता रद्दी," ते म्हणाले. "कुठली जागा कशी, ते नव्याने ठरवावं लागेल. उघडायला बारा दिवस आहेत, रोज तीन ते पाच सराव आहे. सगळीकडे बसा आणि मला सांगा."

मदतीला एक ध्वनितज्ज्ञ मुलगी होती. गळ्यात कायम दोन-तीन यंत्रं लटकलेली, म्हणून तिला सगळे मीटरबाई म्हणायचे. तिचं मोजमाप आधीच झालं होतं. "आकडे माझ्याकडे आहेत, काका," ती म्हणाली. "कान तुमचे."

पहिले दोन दिवस मजेत गेले. मी नकाशावर शिसपेन्सिलीने बारीक खुणा करत होतो. इथे चेलो दबतो, इथे ढोल अंगावर येतो, इथे बरं.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी सातव्या रांगेत अकराव्या खुर्चीवर बसलो होतो. संथ भाग सुरू होणार होता. त्या भागाची सुरुवात चेलोंनीच व्हायची. संचालकांनी हात वर केला, आणि गज तारेला लागायच्या आधी मला नाकाने ओढलेला एक श्वास ऐकू आला. छोटा, घाईचा, पाण्यात बुडी मारण्याआधी घेतात तसा.

ही माझ्या बहिणीची खोड होती. प्रत्येक संथ भागाआधी ती असा श्वास घ्यायची. संचालक तिला म्हणायचे, "बाई, आधी चेलो वाजू दे, मग तुम्ही वाजा."

पाठोपाठ सूर आले. मी डोळे मिटून मोजले. पाच होते.

डोळे उघडून पाहिलं. स्टेजवर चारच.

मी एक खुर्ची बाजूला सरकलो. चार. परत आलो. पाच.

३

मी भित्रा माणूस नाही आणि भाबडाही नाही. सराव संपल्यावर मीटरबाईला गाठून, बहिणीचं नाव न काढता सगळं सांगितलं.

"होतं असं," ती म्हणाली. "दोन भिंतींवरून परतलेला आवाज एका ठिकाणी भेटतो. एकाचे दोन वाटतात."

"आणि श्वास?"

"त्या चौघांपैकी कुणाचा तरी असेल ना. ते काय श्वास घेत नाहीत?"

पटलं मला. पटवून घ्यायचंच होतं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मुद्दाम त्याच खुर्चीवर बसलो, तर काही नाही. चार चेलो, स्वच्छ. ती हसली, पाठीवर थाप मारून निघून गेली. मी मागे मागे सरकत राहिलो, आणि नवव्या रांगेत दहाव्या खुर्चीवर तो श्वास पुन्हा आला. कालच्यापेक्षा जवळून.

रविवारी अकरावी रांग, नववी खुर्ची. सोमवारी तेरावी रांग, आठवी. मंगळवारपर्यंत शोधावंच लागेनासं झालं. रोज दोन रांगा मागे, एक खुर्ची डावीकडे. नकाशावर टिंबं जोडली तर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ झाली. ती चांगल्या जागांमधून निघून हळूहळू वाईट जागांकडे चालली होती, बाल्कनीखाली, खांबाच्या आड, जिथे मी कुणालाही मनापासून तिकीट देत नाही. पट्टी पुढे सरकवली तर उद्घाटनाच्या रविवारी ती पंचविसाव्या रांगेत, दुसऱ्या खुर्चीवर पोचत होती.

त्या मंगळवारी आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी बसलो होतो सातव्या खुर्चीवर. माझ्या डावीकडची सहावी खुर्ची उघडी होती. आजूबाजूच्या सगळ्या मिटलेल्या, ही एकटी खाली. मी हाताने वर ढकलली तर अर्ध्यावर आली, आणि अवघडलेल्या माणसाने पुन्हा टेकावं तशी सावकाश खाली गेली.

खुर्च्या बसवणाऱ्या कारागिराला बोलावलं. त्याने एका बोटाने टिचकी मारली. टप्. खुर्ची मिटली.

"स्प्रिंग तर ठणठणीत आहे, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही जरा घरी जाऊन आराम करा."

४

बुधवारी मीटरबाईने स्वतःहूनच विषय काढला. "तुम्ही सांगता ती जागा रोज बदलते. एकदा रेकॉर्ड करून सोक्षमोक्ष लावू."

सतराव्या रांगेत सहाव्या खुर्चीवर मी बसलो. माझ्या कानाशेजारी तिने काठीवर माइक लावला आणि ती यंत्र घेऊन स्टेजजवळ गेली. संथ भाग आला. श्वास आला. मग पाचवा चेलो, इतका जवळ की गजाचे केस तारेवर घासल्याची खरखर मला वेगळी कळत होती. डावीकडची पाचवी खुर्ची उघडी होती. मी तिकडे बघितलं नाही. तोंडातून ब्रही काढला नाही, श्वाससुद्धा जपून घेत होतो.

सराव संपल्यावर मीटरबाई कानावर हेडफोन लावून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "काका, मधे बोलायचं नाही, असं सांगितलं होतं ना?"

"मी बोललो नाही."

"ऐका मग."

तिने हेडफोन माझ्या कानांवर चढवले. वाद्यवृंद नव्हताच. माणसांची कुजबुज होती, पावलं होती, तिकिटं छापणाऱ्या यंत्राची कर्रकर्र होती. एक बाई विचारत होती, "मधल्या रांगेत शेजारीशेजारी चार मिळतील का हो?" आणि त्या सगळ्याच्या अगदी पुढे, माइकला तोंड लावून बोलल्यासारखा, माझा आवाज. खिडकीवरचा, लगबगीचा, गोड.

"अगं, दारापर्यंत रांग आहे. एवढी आटपू दे. दहा मिनिटांत आलोच."

मीटरबाई माझ्याकडे बघत होती. "मागे एवढी माणसं कुठून आली?" तिने हळूच विचारलं. "हॉल तर रिकामा होता."

"जुनं काहीतरी राहिलं असेल यंत्रात."

"मेमरी कार्डाचं पाकीट आज सकाळीच फोडलंय मी. कोरं होतं."

"पुसून टाक," मी म्हणालो. माझा स्वर कसा होता कोण जाणे. तिने दुसरा प्रश्न न विचारता पुसून टाकलं. त्या दिवसापासून ती सरावाला स्टेजच्या पलीकडेच थांबायची.

५

ती चार तिकिटं मागणारी बाई मला चांगली आठवते. तिला नवव्या रांगेतली हवी होती, मग बारावीतली, मग पुन्हा नवव्या. नव्या मोसमाची विक्री त्या दिवशी उघडली होती. मी तिला नकाशा समजावत असताना फोन वाजला. बहिणीचा. त्याच इमारतीत, दोन मजले खाली, वाद्यांच्या खोलीतून.

"दादा, मला बरं वाटत नाहीये. घरी सोडशील?"

मी काय म्हणालो ते वर आलंच आहे.

मी खाली गेलो तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. ती बाकावर बसलेली होती. कोट घातलेला, चेलो पेटीत बंद, पिशवी मांडीवर. निघायच्या तयारीत. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधी सुरू झाला? मी म्हणालो, माहीत नाही. आईला सांगितलं, एका क्षणात गेली, कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नसेल. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं. त्रास तरी झाला नाही."

आई अठ्ठ्याहत्तरची. आम्ही दोघंच घरात. कान तिचे अजून माझ्यापेक्षा तिखट, पण बहिणीमागे तिने रेडिओ कपाटात टाकला तो टाकलाच. गुरुवारी मी सरावाला गेलो नाही. घरी लवकर आलो. आई पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. फोनचं नाही, ते जिभेवर आलं आणि परत गेलं. पण श्वासाचं सांगितलं, पाचव्या चेलोचं, रेघेचं.

ती घड्या घालत राहिली. वेड लागलं का, असं विचारलं नाही.

"तोच श्वास?"

"तोच."

"नीट वाजवते का?"

"नीट वाजवते, आई."

तिने माझ्या सदऱ्याची बाही सरळ केली, पुन्हा सरळ केली. "रविवारी मला ने."

"ती जागा फार वाईट आहे. समोर खांब आहे. काही दिसत नाही."

"मला काय बघायचंय?" आई म्हणाली.

शुक्रवारी मी खिडकीवरून उठलोच नाही. शनिवारी मात्र जाऊन आलो. तेविसावी रांग, खुर्ची तीन. शेजारची दुसरी खुर्ची मी पोचायच्या आधीच उघडी होती. मी बसलो नाही. लांबून पाहिलं आणि उलट्या पावली मागे फिरलो.

६

रविवारी पाचचा कार्यक्रम. पंचविसाव्या रांगेतल्या एक, दोन आणि तीन या खुर्च्या मी विक्रीतून काढल्या होत्या. व्यवस्थापकांना सांगितलं, स्प्रिंग बिघडली आहे.

आईने ठेवणीतली निळी शाल घेतली होती. तिला दोनवर बसवलं, मी तीनवर. कडेची एक नंबरची खुर्ची मिटलेली होती. मला हायसं वाटलं.

दिवे मंदावले. पहिला भाग झाला. खांबाच्या एका बाजूने संचालकांचा हात दिसायचा, दुसऱ्या बाजूने कुणाचं तरी व्हायोलिन. आवाज खरोखरच रजईतून येत होता. मग तो हात वर गेला आणि सगळा हॉल गप्प झाला. मी जिवाचे कान केले.

काही नाही. श्वास नाही. चेलो सुरू झाले, मी मोजले. चार. पुन्हा मोजले. नऊ दिवस माझी पाठ न सोडणारा आवाज आज मला हवा होता, जीव तोडून हवा होता, आणि तो नव्हता.

मी आईकडे वळलो. तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं. ती पूर्ण डावीकडे वळली होती. एक नंबरची खुर्ची आता खाली होती.

आईचे ओठ हलत होते. "हो गं," ती म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. मग पुन्हा, "हो. हो गं बाई." मी पुढे झुकलो. तिने न बघताच माझ्या छातीवर तळवा ठेवला आणि मला हळूच मागे सारलं. मोठ्यांचं बोलणं चाललेल्या खोलीतून पोराला बाहेर काढतात तसं.

मग तिने अंगावरची शाल काढली आणि डावीकडे पांघरली. खांबाची सावली पडली होती, उजेड फार कमी होता. मी जे पाहिलं तेवढंच सांगतो. शाल खुर्चीवर पडली नाही. खुर्चीच्या वर, दीड हात उंचावर, ती थांबली, आणि दोन्ही बाजूंनी गोल उतरली.

मी समोर खांबाकडे बघत बसलो. टाळ्या झाल्या, दिवे लागले, तेव्हाच मान वळवायचं धाडस झालं. शाल आईच्या मांडीवर होती, चौकोनी घडी घातलेली.

लोक निघाले. आई उठेना. आमच्या आसपास कुणी राहिलं नाही तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही.

"आई, तिने मला फोन केला होता. त्या दिवशी. मी गेलो नाही."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"मीच तिला सांगितलं, दादाला कर म्हणून." आईचा आवाज कोरडा होता. "आधी मला केला होता तिने. आई, छातीत कसंतरी होतंय म्हणाली. मी म्हटलं, मी म्हातारी इथून काय करणार, दादा तिथेच आहे, त्याला सांग. आणि पडले. मला झोप लागली रे. दुपारची झोप लागली मला."

मी तिच्याकडे वळून बसलो.

"तू म्हणालास, हाक मारायला वेळ मिळाला नाही. आजवर मला वाटत होतं, तुला फोन लागलाच नसेल. मग तुला कशाला सांगू, की ती तुला हाक मारणार होती?"

एकोणीस महिने आम्ही दोघं एका टेबलाशी जेवत होतो. मी तिचा हात धरला. ती रडली नाही. मी रडलो.

दारापर्यंत तिला धरून आणलं. सफाईवाले पुढच्या रांगांतून कागद वेचत होते. दारातून मी मागे वळून पाहिलं. सगळा हॉल मिटलेला होता, रांगेमागे रांग. खांबामागच्या तीन खुर्च्या तेवढ्या खाली होत्या.

त्यातल्या दोन आमच्या होत्या. आम्ही तर दारात उभे होतो.

"चल," आई म्हणाली. "मागे बघू नकोस."

७

त्यानंतर हॉलमध्ये कुणाला काही ऐकू आलं नाही. मलाही नाही. त्या तीन खुर्च्या आता विकल्या जातात, स्वस्तात, आणि खांब सोडला तर त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. चाचणीत एक तरुण चेलोवादक निवडला गेला. चांगला वाजवतो. आई पुढच्या वर्षी गेली. शेवटचे तीन दिवस मी रजा घेऊन तिच्या उशाशी बसून होतो, उठलोच नाही.

पण त्या रविवारचं थोडं राहिलं. हॉलबाहेर आलो तेव्हा अजून उजेड होता. मी टॅक्सी थांबवली. आई आधी आत शिरली आणि सरकत सरकत पार पलीकडच्या दारापर्यंत गेली. मी बसलो आणि गाडी चालू लागली.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

आई खिडकीबाहेर बघत होती. "ते माझ्यापाशी राहू दे."

"माझ्याबद्दल काही...?"

"राहू दे म्हटलं ना."

पुढच्या सिग्नलला माझं लक्ष गेलं. मागची सीट चांगली ऐसपैस होती, पण आई अंग चोरून दाराला चिकटून बसली होती. मधे एका माणसाची जागा होती. आईने शालीची घडी उलगडली आणि त्या जागेवर नीट, सुरकुती न ठेवता पसरली.

मीही माझ्या बाजूच्या दाराकडे सरकलो.